बर्फ वितळायच्या आत

मित्रांनो, मी एक जुनी लसपेटी आहे. माझा निळा रंग आता अर्धा उडाला आहे. माझ्या भिंती जाड आहेत. पोटात बर्फाच्या चार पिशव्या आणि त्यांच्या मधोमध औषधाच्या शिश्या बसतात. बाहेर कितीही ऊन असो, आतली थंडी जाऊ द्यायची नाही, एवढंच माझं काम.

कारखान्यातून मी ट्रकने अहेरीच्या गुरांच्या दवाखान्यात आले. नवी होते तेव्हा मला रोज पुसायचे. मग झाकणाची कडी तुटली आणि मी कोपऱ्यात गेले. एकाने तर माझ्यातून तलावातले मासे नेले. तो वास जायला अख्खा पावसाळा लागला. शेवटी करिश्माने मला बाहेर काढलं, सोड्याने धुतलं आणि कडीच्या जागी सुतळी बांधली. करिश्मा आमची पशुसखी. ती गावोगावी जाऊन बकऱ्यांना लस टोचते.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट सांगते. नाल्यापलीकडच्या गावात बकऱ्यांचा प्लेग आला होता. आधी ताप येतो, नाक वाहतं, खोकला लागतो, तोंड सोलतं, मग हगवण लागते आणि चार-पाच दिवसांत बकरी जाते. एकीचा रोग दुसरीला लागतो. अलीकडच्या टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, तो अजून पोचला नव्हता. करिश्माने मला गाडीला बांधलं आणि आम्ही निघालो. दगडांवरून मी अशी उडत होते, की शिश्या किणकिणत होत्या. मला वाटत होतं, आज आपण रोगाच्या आधी पोचणार.

टोल्यावर पोचलो तर मोहाच्या झाडाखाली माणसं बसलेली होती. बकरी मात्र एकानेही आणली नव्हती.

"दोन सालापहिले सुई लावली अन् तिसऱ्या दिवशी बकऱ्या मेल्या," त्यांच्यातला झिंगू म्हणाला. "पहिले तूच टोचून घे, बाई."

"घेतो ना," करिश्मा म्हणाली. "पन मी में में केलं तरी दूध देनार नाई, भाऊ."

बाया हसल्या. पण कोणी उठलं नाही. सगळे दसरूकडे पाहत होते. टोल्यात सर्वांत जास्त बकऱ्या त्याच्या. खरं तर त्या त्याच्या बायकोच्या, बुधरीच्या. तिने एका बकरीपासून तो कळप वाढवला होता. पोळ्याच्या आधी बुधरी वारली. तेव्हापासून दसरू माणसांशी कमी आणि बकऱ्यांशीच जास्त बोलतो.

"बुधरीनं तवा सुईले नाई म्हटलं होतं," तो हळू म्हणाला. "मी तिचा शब्द कसा मोडू?"

"दसरूभाऊ नाई तं आमी बी नाई," झिंगू म्हणाला.

मित्रांनो, बुधरी नाही म्हणाली तेव्हा मी आधीच्या सुईवाल्यासोबत तिथेच होते. ती का नाही म्हणाली, हे मला माहीत होतं. दसरू त्या दिवशी बांबू तोडायला जंगलात गेला होता, त्याला माहीत नव्हतं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण पेटीला झाकण असतं, तोंड नसतं.

करिश्माने माझ्यात हात घालून पिशवी दाबून पाहिली. बर्फाचं पाणी व्हायला लागलं होतं.

"दसरूभाऊ, बर्फ दुपारपर्यंत टिकते. शिशी फोडली का दोन घंट्यात संपवा लागते. मी एकदोन बकऱ्याइसाठी फोडत नाई. काय ते सांगा."

दसरूने नकाराची मान हलवली. करिश्मा सुतळी बांधायला लागली.

तेव्हा सुकलू उठला. हा म्हातारा टोल्यातल्या सगळ्या बकऱ्या एकत्र जंगलात चारायला नेतो. त्याने तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकला.

"थांब, बाई. दसरू, त्या दिवशी बकऱ्या मी धरत होतो. तीन दिवसापासून त्या खोकलून राह्यल्या होत्या. मले मालूम होतं. मी कोनाले सांगतलं नाई."

"काऊन?" दसरूने विचारलं.

"सांगतलं असतं तं सगळ्याइनं आपापल्या बकऱ्या काढून नेल्या असत्या. म्हटले असते, सुकलूले राखता येत नाई. सुईवाल्याले बी नाई सांगतलं. बुधरीनं बकऱ्याइच्या नाकाले हात लावला अन् वळखलं. म्हणे, याइले रोग लागला, आता सुई लावून फायदा नाई. मी तिले हात जोडले, कोनाले सांगू नको, अन् तिनं शब्द पाळला. सुई न लावता तिच्या बी चार मेल्याच ना? मंग मी सगळं सुईवर ढकललं."

मला वाटलं, आता दसरू त्याच्या अंगावर जाणार. पण त्याने एकच विचारलं.

"अखीन काय म्हणली ती?"

सुकलू आठवायला लागला. "म्हणली, पुढच्या खेपी लवकर या. अन् म्हणली, दसरूले निरोप धाडू नका. तो उपाशी पळत येईन."

दसरूने गमछा डोळ्यांवर धरला. मग तोच गमछा खांद्यावर टाकून तो घराकडे चालायला लागला. चालता चालता पळायला लागला. बकऱ्या घेऊन आला, एकेकीचं तोंड हातात धरलं, नाक पुसलं, पाहिलं.

"लाव. हिले बी लाव."

करिश्माने शिशी फोडली. मग काय धांदल उडाली. घराघरातून बकऱ्या ओढत आणल्या. झिंगूला त्याच्याच बोकडाने शेणात लोळवलं. सुकलू प्रत्येक बकरीचा खोकला ऐकत होता आणि मोठ्याने सांगत होता. एका पिल्लाचं नाक ओलं निघालं. "हिले आज नाई," दसरू म्हणाला आणि त्याने ते लांब नेऊन बांधलं. दोन तास व्हायच्या आत शिशी रिकामी झाली. माझ्या पोटात नुसतं पाणी डुचमळत होतं, आणि एवढी खुशी मला कधी झाली नव्हती.

त्या हिवाळ्यात प्लेगने नाला ओलांडला नाही.

महिन्याभराने आम्ही दूरच्या एका गावी गेलो. तिथेही लोक नुसते उभे होते. इतक्यात दसरू आला. आम्ही तिथे येणार हे ऐकून, ओल्या नाकाचं ते पिल्लू खांद्यावर घेऊन तो पहाटेपासून चालत आला होता.

"आता नाक सुकं हाय. लाव, बाई," तो म्हणाला. मग त्या अनोळखी लोकांकडे वळला. "माही बुधरी पहिले बकरीचं नाक पाहे. तुमी बी पाहा. सांगतो कसं ते."

आणि तो सांगत बसला. लोक बकऱ्या आणायला उठले.

मित्रांनो, तुमच्या घरी बकरी असेल, तर ती उड्या मारते आहे तोवरच आम्हाला बोलवा. तिचं नाक वाहत असेल, तर लाजेने लपवू नका, आधी सांगा. आणि सकाळी लवकर बोलवा. तेव्हा माझ्यातला बर्फ ताजा असतो.