उंबऱ्यातल्या चपला

या, जरा पुढे सरका. बुवा यायला अवकाश आहे, तोवर सोनगीरच्या लोटन आबांची गोष्ट ऐका.

आबा कीर्तनाचे वेडे, पण स्वभाव संशयी. मंदिरात शिरताना एक चप्पल पुढच्या दारी काढायचे, दुसरी मागच्या पिंपळाखाली. चोराला जोड मिळू नये म्हणून. कीर्तन रंगलं की डोळे मिटायचे, तेही एकच.

अशा माणसाला एकदा घरच्या उंबऱ्याजवळच्या साऱ्या चपला उलट्या फिरलेल्या दिसल्या. टाचा घराकडे, अंगठे बाहेर. आबांनी सरळ केल्या. संध्याकाळी पुन्हा तशाच.

"घरमाईन कोनीतरी निंघनार शे," ते बायकोला म्हणाले.

"तुम्हीच निंघा, कीर्तनले उशीर व्हई राहिना," झुंबरबाई चूल फुंकत म्हणाली.

घरात तिसरी नूतन, धुळ्याला नर्सिंग शिकलेली लेक. हल्ली दार लोटून बसायची. आबांनी फटीतून पाहिलं, तर पोरगी 'ओहायो गोझाइमास' म्हणत मोबाइलपुढे कमरेत वाकलेली. बापापुढे कधी इतकी वाकली नव्हती. जेवताना ताटाला हात जोडून 'इतादाकिमास' पुटपुटायची. आबांना शंका आली. पोरीने देव बदलला? कोणाच्या नादी लागली? न सांगता निघून गेली तर?

एका संध्याकाळी ते कीर्तनाला म्हणून निघाले आणि गोठ्याआड थांबले. नूतन आली, वाकून चपला फिरवू लागली.

"कोठे चालनी?"

नूतन दचकली. मग उभी राहिली. "जपानला, आबा. मोबाइलवर तिथलीच भाषा शिकतेय. तिथल्या म्हाताऱ्यांची सेवा करायची नोकरी आहे. तुम्ही हो म्हणालात तर."

"आन ह्या चपला?"

"तिकडे अशाच ठेवतात. निघताना सोपं जावं म्हणून. सवय करतेय."

"ताटले कोनाना नावनं हात जोडस?"

"तुमच्या आणि आईच्या. ज्वारी तुमची, भाकरी तिची. तुमच्यामुळे मिळालं, असं म्हणायचं."

आबा म्हणाले, "मंग माले सांगं का नही?"

"तुमचा चपलांवरसुद्धा विश्वास नाही, आबा."

आबा तडक मंदिरात गेले. दोन्ही चपला एकाच दारी काढल्या, अंगठे बाहेर करून, आणि दोन्ही डोळे मिटून बसले.

अनवाणीच परतले.

"चपला गयात," ते म्हणाले. झुंबरबाईने पदर तोंडाला लावला. "पन कीर्तन आज पहिल्यांदा अर्धं नही, बठ्ठं ऐकं. नूतन, जाय तू. फक्त 'जाते' म्हनू नको."

"तिथेही नाही म्हणत. 'इत्तेकिमास' म्हणतात. म्हणजे आपलं जाई येस, जाऊन येते."

नूतन गेली. तिची जुनी चप्पल अजून त्या उंबऱ्यात आहे, अंगठे घराकडे करून. घरी आलेल्या माणसाची असते तशी. आबा ती कोणाला फिरवू देत नाहीत.

ते बघा, बुवा आले. हात जोडाल तेव्हा त्या पोरीची आठवण काढा. कुठल्या तरी परक्या आबांना ती हाताला धरून उठवत असेल.