संगणकातले ऊन

दूध वर येईपर्यंत वहिनींनी डब्याची झाकणे लावली, सासूबाईंच्या गोळ्या वाटीत काढल्या आणि बाल्कनीतल्या दोरीवरचे कपडे चाचपून पाहिले. कपडे अजून ओलसर होते. त्यांनी ते उलटे करून पुन्हा वाळत टाकले, गॅस बंद केला आणि चहा गाळून एक कप सासूबाईंच्या पुढ्यात ठेवला.

सासूबाई टेबलाशी बसून भिंगातून कलादालनाच्या पायाभरणीची निमंत्रणपत्रिका पाहत होत्या. पत्रिका घरात आल्यापासून त्यांचा हा रोजचा कार्यक्रम झाला होता.

"यात पुतळे कुठे आहेत गं?"

"अजून इमारतच बांधली नाहीये, आई. हे नुसतं चित्र आहे."

"नुसतं कसं? जमिनीवर ऊन पडलंय की चांगलं."

"ते पण मीच पाडलंय."

"काल लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या बाईंना दाखवलं. म्हणाल्या, फोटो छान आलाय. मी म्हटलं, फोटो नाही, आमच्या सूनबाईंनी काढलंय. तर विचारतात कशा, कुठल्या मोबाइलने!"

वहिनी हसल्या आणि उभ्यानेच चहा संपवून बाहेर पडल्या.

त्यांना कचेरीत सगळेच वहिनी म्हणत. वास्तुरचनेची ही कचेरी दोन भावांनी काढली होती. थोरल्याशी लग्न होऊन त्या आल्या तेव्हा नकाशे अजून हाताने काढले जात. नवऱ्याच्या टेबलाशेजारी बसून त्या आधी रेघ ओढायला शिकल्या, मग नकाशा वाचायला. संगणक आले तेव्हा कचेरीतल्या इतरांनी नाके मुरडली. वहिनींनी मात्र त्याच्याशी अशी गट्टी जमवली, की कागदावरची इमारत पडद्यावर उभी करण्याचे काम आपोआप त्यांच्याकडे आले. नवरा गेल्यावरही त्यांनी खुर्ची सोडली नाही. शाळा, दवाखाने, गोदामे अशा कितीतरी इमारती त्यांनी पडद्यावर उभारल्या. त्यांतली एकही त्यांच्या कल्पनेतली नव्हती. कल्पना आधी नवऱ्याची असे, पुढे धाकट्या दिराची. वहिनी ती इतक्या निगुतीने साकारत, की मूळ कल्पनेतले कच्चे दुवे कुठे मिटले ते कल्पना करणाऱ्यालाही कळत नसे.

कलादालनाचे काम आले तेव्हा भाऊजी एका इस्पितळाच्या कामात गळ्यापर्यंत बुडाले होते. "मधलं दालन मी बघतो," ते म्हणाले, "ते दोन स्टुडिओ तुम्हीच करा. नाव पण तुमचंच लागेल."

त्या रात्री वहिनींनी ही गोष्ट घरी सांगितली नाही. सांगितली तर मोडेल, असे त्यांना वाटले.

स्टुडिओ एका वयस्क जोडप्यासाठी होते. बाई चित्रकार, त्यांचे यजमान दगडात काम करणारे शिल्पकार. एका विश्वस्त संस्थेने दोघांच्या कामासाठी दालन बांधायचे ठरवले होते. मध्ये प्रदर्शन आणि दोन टोकांना दोघांच्या कामाच्या जागा. पहिल्या भेटीतच वहिनींना कळले, की दोन टोके म्हणजे खरोखरीच दोन टोके.

"मला शांतता हवी आणि सारखा, थंड उजेड," बाई म्हणाल्या. "डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून ऊन समोर आलं की सगळं पांढरं होतं. रंगच दिसत नाहीत."

"मला उलटं," शिल्पकार म्हणाले. "अंधार द्या. आणि त्या अंधारात सकाळचं एकच तिरपं ऊन. दगडावरून ऊन आडवं सरकलं की छिन्नीची चूक लगेच चुगली करते."

"लग्न झाल्यापासून हे माझ्या रंगात धूळ टाकतायत."

"मग तुझ्या चित्रांना पोत आला कुठून? फुकट दिलाय, आभार मानायचे सोडून!"

वहिनींना ही माणसे आवडली आणि काम त्यांच्या हातातून जणू आपणच वाढत गेले. बाईंचा स्टुडिओ त्यांनी उंच केला. त्याचे छप्पर करवतीच्या दातांसारखे, प्रत्येक दाताची उभी बाजू काचेची आणि उत्तरेकडे तोंड केलेली, म्हणजे उजेड येईल पण ऊन येणार नाही. शिल्पकारांचा स्टुडिओ त्यांनी बुटका, जाड भिंतींचा केला आणि पूर्वेच्या भिंतीत छतापासून जमिनीपर्यंत हाताच्या रुंदीची एकच फट ठेवली. दुपारचा डबा खाऊन झाला की त्या पडद्यावरच्या मॉडेलमध्ये शिरत आणि दालनाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जात. उजेडातून अंधारात जाताना पावले आपोआप हळू व्हावीत म्हणून त्यांनी दोन्ही स्टुडिओंना जोडणाऱ्या मधल्या बोळाचे छत थोडे थोडे खाली आणले होते. ते कुणी सांगितले नव्हते.

पत्रिकेवर होते ते त्या अंधाऱ्या खोलीचे चित्र. फटीतून आलेली उन्हाची पट्टी जमिनीवरून दगडावर चढलेली. विश्वस्तांना ते पाहताक्षणी आवडले. खाली बारीक अक्षरात वहिनींचे नाव होते.

उद्या विश्वस्तांची शेवटची बैठक होती. त्यांची संमती मिळाली की पायाचे खोदकाम सुरू होणार होते. म्हणून आज दुपारी वहिनी त्या दोघांना जागेवर घेऊन गेल्या. जमिनीवर चुन्याच्या पांढऱ्या रेघांनी खोल्या आखल्या होत्या. बाई आपल्या खोलीच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी कपाळावर हात आडवा धरला.

"इथे ऊन अगदी तोंडावर येतंय हो."

"आत्ता येतंय, बाई. छप्पर झालं की नाही येणार. काच सगळी या बाजूला आहे ना," असे म्हणत वहिनींनी हात उचलून काचेची दिशा दाखवली.

हाताच्या टोकाला कललेला सूर्य होता.

"वा!" शिल्पकार खो खो हसले. "आमच्या हिच्यासाठी सूर्य उत्तरेला मावळवताय? एवढं लाडावून ठेवू नका."

बाईही हसल्या. वहिनींनी हात खाली घेतला. त्यांना हसू आले नाही, पण ते कुणाच्या लक्षातही आले नाही.

कचेरीत परतल्यावर त्यांनी मॉडेल उघडले. काय झाले असेल ते त्यांना रस्त्यातच समजले होते. भूखंड रस्त्याशी वाकडा होता. असा भूखंड आला की या कचेरीत आधी तो पडद्यावर फिरवून सरळ करून घेत, कारण दिवसभर तिरप्या रेघांवर काम केले की मान आणि डोळे दोन्ही शिणतात. सगळे झाल्यावर मॉडेलमधली उत्तर दिशा तेवढीच फिरवून जागेवर आणायची. नवरा होता तोवर कुठलीही फाइल बंद करण्याआधी तो आपल्या खुर्चीतून विचारी, "उत्तर लावली का?" तो गेल्यानंतरही कित्येक वर्षे वहिनींनी ती न विसरता लावली होती. या वेळी, पहिल्यांदा आपले स्वतःचे काहीतरी रचताना, त्या ते विसरल्या होत्या. पडद्याची वरची कड म्हणजेच उत्तर, असे संगणकाने धरले होते. प्रत्यक्षात तिथे जवळजवळ पश्चिम होती.

त्यांनी उत्तर फिरवली. शिल्पकारांच्या खोलीतली उन्हाची पट्टी विझली. फट आता उत्तरेला होती. तिथे ऊन येणारच नव्हते. मग त्या बाईंच्या खोलीत गेल्या आणि मॉडेलमधले घड्याळ दुपारकडून संध्याकाळकडे सरकवत राहिल्या. छपराच्या प्रत्येक दातातून ऊन आत आले, भिंतीवरून उतरले, आणि कॅनव्हास ठेवायच्या घोडीवर येऊन थांबले. तिथे काळोख पडेपर्यंत ऊनच होते.

त्यांनी भाऊजींना बोलावले. भाऊजी मागे उभे राहून पाहत राहिले. मग त्यांनी शेजारची खुर्ची ओढली.

"छप्पर फिरवलं तर?"

"बघितलं. त्या बाजूला शेजारच्या गोदामाची भिंत आहे. उजेडच मिळत नाही. दोघांच्या जागा अदलाबदल कराव्या लागतील. मग मधला बोळ, दालन, दरवाजे, सगळंच हलतं."

"वहिनी, जगात पडदे नावाची चीज आहे."

"आहे ना. पण मग त्यांना रोज दुपारी पडदे ओढून दिवा लावून रंगवावं लागेल. तसं त्या आताही घरी करतातच."

"आणि उद्याची बैठक? पत्रिका छापून झाल्या. सगळे त्या चित्रावर खूश आहेत." भाऊजींनी चष्मा काढून डोळे चोळले. "त्या दोघांना कळलंय का?"

"नाही. ते हसले नुसते."

"मग खोदकाम होऊ दे. पुढे हळूच बदल सुचवू. सॉफ्टवेअरमध्ये गडबड झाली म्हणू."

"सूर्य कुठे उगवतो ते सॉफ्टवेअरला आपणच सांगतो, भाऊजी."

भाऊजींनी चष्मा पुन्हा घातला. उठताना त्यांनी खुर्ची नीट आत सरकवली. "नाव तुमचं लागलंय," ते म्हणाले. "म्हणून म्हणत होतो. बाकी फाइल तुमची आहे."

दुसऱ्या दिवशी बैठकीत आधी वहिनींनी ते लाडके चित्र दाखवले. विश्वस्तांचे अध्यक्ष समाधानाने मागे रेलले. मग वहिनी म्हणाल्या, "हे चित्र चुकीचं आहे. असं ऊन तिथे कधीच येणार नाही." आणि त्यांनी दुरुस्त मॉडेल लावले. आवाज न चढवता, शब्द न वाढवता त्यांनी सगळ्यांना दुपारच्या उन्हात बाईंच्या खोलीत उभे केले. ऊन घोडीपर्यंत आले तेव्हा समोर बसलेल्या बाईंनी नकळत डोळे मिटून घेतले.

"हे कोणाच्या लक्षात आलं?" अध्यक्षांनी विचारले.

"माझ्या. चूकही माझीच आहे."

"आम्ही हे चित्र गावभर वाटलंय, बाई!"

"हो. माझ्या सासूबाईंनी पण वाटलंय," वहिनी म्हणाल्या, आणि हे आपण मोठ्याने बोललो याचे त्यांनाच आश्चर्य वाटले.

शिल्पकार आधी हसले. मग म्हणाले, "माझ्या दगडाला घाई नाही. तो माझ्या आधीपासून थांबलाय. हिचं हिला विचारा."

बाई वहिनींकडे पाहत होत्या. "म्हणजे काल ऊन खरंच काचेच्याच बाजूला होतं. आणि मी म्हटलं, आपलेच डोळे गेले." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "थांबते मी. पण तुम्हीच करा, दुसऱ्या कोणाच्या गळ्यात घालू नका."

अध्यक्षांना ते फारसे रुचले नाही. काम पुढे ढकलले गेले, नवे आराखडे बाहेरच्या एका वास्तुरचनाकाराकडून तपासून घ्यायचे ठरले, आणि नव्या पत्रिकेवर फक्त कचेरीचे नाव राहील असेही अध्यक्षांनी जाता जाता सांगितले. भाऊजी काही बोलायला वळले. वहिनींनी मान हलवून त्यांना थांबवले.

कचेरीत आल्यावर वहिनी खुर्चीत बसल्या. भाऊजी दाराशी घुटमळत होते.

"जुनं मॉडेल कॉपी करून ठेवा बाजूला," ते म्हणाले. "इतकं सुंदर झालंय. एखादी जागा मिळेल, जिथे उत्तर बरोबर बसेल. तिथे वापरू."

"तिथे ही दोघं नसतील ना."

"म्हणून काय झालं?"

"मग तो बोळ कोणासाठी खाली उतरेल?"

वहिनी एकदा मॉडेलमध्ये शिरल्या आणि उजेडाकडून अंधाराकडे, छत खाली येत गेलेल्या त्या बोळातून शेवटपर्यंत चालत गेल्या. मग बाहेर येऊन त्यांनी दोन्ही स्टुडिओ, मधला बोळ आणि दालन असे सगळे एकत्र निवडले. सगळे निळे झाले. संगणकाने विचारले, नक्की? त्यांनी होय म्हटले.

पडद्यावर फक्त भूखंड उरला. वहिनींनी आधी उत्तर लावली, पडद्याच्या अगदी वरच्या कडेशी. रस्ता खालच्या कडेशी तिरपा झाला, हद्दीच्या रेघाही तिरप्या झाल्या. त्यांनी त्या सरळ करून घेतल्या नाहीत. मान थोडी कलती केली आणि बाईंच्या खोलीची पहिली भिंत काढायला घेतली.