खोडव्याचं वर्ष

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाची योजना सोमवारपर्यंत द्यायची, आणि उत्कर्षाचं गावच हातचं गेलेलं. म्हणजे मांजरी गाव होतं जागच्या जागी. पण ज्या घराच्या ऊसशेतीवर ती मानवशास्त्राचा प्रबंध लिहिणार होती, त्या दशरथ आणि कांताबाईंनी शेत विकलं. साल दोन हजार पाच. हडपसरला आयटीवाले आले आणि पलीकडच्या मातीला सोन्याचा भाव आला. म्हातारा-म्हातारी तिथल्याच एका नव्या इमारतीत राहायला गेली.

"ऊस गेला ना? मग आता काय चिपाडांवर प्रबंध लिहिणार?" मार्गदर्शक दत्तप्रसाद सर म्हणाले. "इंदापूरकडचं एक गाव सुचवतो. योजनेत नाव घाला आणि आणून द्या." पुण्यातला माणूस सुचवतो म्हणाला की ते ठरलेलं असतं. उत्कर्षाने नाव घातलं. आता कांताबाईंना सांगणं तेवढं उरलं होतं, आणि तेच जड जात होतं.

शनिवारी कोथरूडहून निघून हडपसरला बस बदलताना तिला पहिला दिवस आठवला. अठ्ठेचाळीस प्रश्नांचा छापील कागद घेऊन ती बांधावर उभी राहिली होती. कांताबाईंनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. हातात खुरपं दिलं. "हातानं काम कर, तोंडानं इचार." मग वर्षभर तेच. सोसायटीत वाढलेल्या मुलीच्या तळहाताला घट्टे पडले, आई म्हणाली, "डॉक्टर व्हायला गेलीस की मजूर?" दुपारी विहिरीच्या कडेला भाकरी, ठेचा आणि मूठभर शेंगा. वर ऊस. तिला दातांनी ऊस सोलता येत नसे, आणि त्यावर कांताबाई डोळ्यांत पाणी येईतो हसत. चांगले दिवस चालू असताना कळत नाहीत म्हणतात. उत्कर्षाला तेव्हाच कळत होते, म्हणून तर आता जास्त वाईट वाटत होतं.

दार उघडंच होतं. रिकाम्या हॉलमध्ये कांताबाई फरशीवर गोणपाट टाकून बसल्या होत्या. दशरथकाका रोजच्यासारखे विकलेल्या शेताकडे चक्कर मारायला गेलेले.

"आलीस? मला वाटलंच, येनार तू."

"मावशी, माझं दुसरं वर्ष सुरू होतंय," उत्कर्षाने एकदाची सुरुवात केली.

"म्हंजे खोडवा."

"काय?"

"सालभर शिकलीस काय मग? पयलं साल लागनीचं. बेनं आना, सरी पाडा, जीव काढा. दुसऱ्या सालाला बेनं लागत न्हाई. ऊस तोडला की बुडखं छाटायचं आन् पानी द्यायचं. जुन्या मुळावरच फुटतंय. तुजं बरं हाय पोरी, लागन झाली. आता निस्तं पानी द्यायचं."

उत्कर्षाने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मी दुसरीकडे लागण करायला चालले आहे, हे या बाईला कोणत्या तोंडाने सांगायचं? तरी तिने सांगितलं. इंदापूरकडचं गाव, तिथे अजून ऊस आहे, सरांनी ठरवलंय.

कांताबाईंनी मान हलवली. "बरं केलंस. मानसं बरी हायती का तिथली? जेवाया घालत्यात?" मग पदराच्या टोकाने फरशीवरचा नसलेला डाग पुसत बसल्या. पुसता पुसताच म्हणाल्या, "मी पंधरा दिस खाली उतरले न्हाई. त्या लिफ्टच्या पाळन्याची भीती वाटती, आन् जिन्यानं गुडघं ऐकत न्हाईत. शेजारीन बरी हाय, हसती. पन दार लावून घेती."

"काका नेत नाहीत खाली?"

"त्यांचं त्यांना झालंय. सालभर तू इचारून इचारून जीव खाल्लास माझा. चुलीला काय घालता, चुलत्याला काय म्हनता. वैताग यायचा. आता पंधरा दिस झालं, मला कुनी कायबी इचारलं न्हाई गं."

उत्कर्षाला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. सर चिडणार होते, विद्यापीठाची समिती फाडून खाणार होती, आणि उसाचं एक कांडंही नसलेल्या घरात ऊसकरी कुटुंबाचा अभ्यास कसा करायचा हे तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. पिशवीतून योजनेचा कागद काढून तिने 'गाव' या शब्दापुढचं नाव खोडलं.

"मावशी, इथला पत्ता सांगा. बिल्डिंगचं नाव काय?"

"इंग्रजी हाय. माझ्या तोंडात बसत न्हाई." कांताबाई सरकून जवळ आल्या आणि कागदावर बोट ठेवलं. "ही बिल्डिंग व्हायच्या आधी हितं भैरूचा ऊस व्हता. तू लिव्ह, भैरूचा मळा, चौथा मजला."