पाच हिरवे स्वेटर

मित्रांनो, मी एक जुना बझर आहे. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या एका टीव्ही स्टुडिओत, प्रश्नमंजूषेच्या तीन नंबरच्या टेबलावर मी एकवीस वर्षं नोकरी केली. स्टुडिओतल्या विजेच्या मिस्त्रीने मला जेवणाच्या सुट्टीत घाईघाईने जोडलं, म्हणून माझा आवाज कायमचा घोगरा राहिला. मला दाबलं की लाल दिवा लागायचा आणि स्पर्धकाला उत्तरासाठी पाच सेकंद मिळायचे.

माणसं मी अंगठ्यांवरून ओळखतो. घामेजलेले अंगठे, उतावळे अंगठे, बढाया मारत आलेले आणि ऐन वेळी गळपटलेले अंगठे. नोलीन बार्टलेटचा अंगठा मात्र मी विसरलो नाही. सत्तरीची ही बाई दूरच्या व्हायाला गावाहून आली होती.

आमच्याकडे आठवड्याचे पाचही भाग एकाच दिवशी चित्रित व्हायचे. जिंकणारा ‘दुसऱ्या दिवशी’ परत आलाय असं दिसायला हवं, म्हणून प्रत्येकाला कपड्यांचे पाच जोड आणायला सांगत. नोलीन पहिला भाग जिंकली आणि तिने बॅग माझ्याच टेबलावर उघडली. आमची फ्लोअर मॅनेजर वूला बघतच राहिली. नोलीनच्या अंगावर हिरवा स्वेटर होता आणि बॅगेत हुबेहूब तसेच आणखी चार.

“नोलीन, अहो हे काय? सगळे एकसारखेच?”

“पाच आणा म्हणून लिहिलं होतंत ना, पोरी? बसले विणत.”

वूला हसली, तशी नोलीन गंभीर झाली. “थट्टा नाही गं. माझा क्लाईव्ह आता माणसं विसरायला लागलाय. मला तो या स्वेटरवरून ओळखतो. दुसरं काही घातलं की विचारतो, ‘कोण हवंय आपल्याला?’ टीव्हीवर त्याने मला ओळखलंच नाही, तर हे जिंकून मी काय करू?”

वूलाने आपल्या गळ्यातला निळा स्कार्फ काढून तिच्या गळ्यात बांधला. “वरच्यांनी विचारलं तर सांगेन, स्कार्फ बदललाय.”

तिसऱ्या भागापर्यंत नोलीन जिंकत गेली. चौथ्यात शेवटच्या प्रश्नावर बरोबरी होती. तिला उत्तर येत होतं, मला कळलं ना. अंगठा माझ्यावर टेकला, पण दाबेना. तेवढ्यात शेजारच्या तरुण शिक्षकाने आपला बझर दाबला आणि खेळ संपला.

“येत होतं ना तुम्हाला?” वूलाने विचारलं.

“येत होतं. पहिल्या दिवसापासून आम्ही दोघं हा कार्यक्रम बघतोय, पाच वाजता, चहा घेऊन. मला येत असलं तरी मी क्लाईव्हला आधी बोलू देते. त्याला वाटतं, बायकोला काही येत नाही. अंगठ्याला तीच सवय लागलीय.”

न वापरलेला पाचवा स्वेटर ती वूलाला देऊन गेली. दोन महिन्यांनी भाग दिसले आणि तिचं पत्र आलं. वूलाने ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. चारही दिवस क्लाईव्ह त्याची देखभाल करणाऱ्या नर्सला सांगत होता, ही माझी बायको.

पुढे कार्यक्रम बंद पडला. मी दोन वर्षं एका खोक्यात, वायरींच्या गुंत्याखाली पडून राहिलो. कुणी विचारपूस केली नाही. खरं सांगतो, फार वाईट वाटलं. सामान टाकून द्यायची वेळ आली तेव्हा वूलाने मला उचललं, माझ्यात बॅटरी बसवून घेतली आणि चार तास गाडी चालवून व्हायालाला आणलं. आमच्याकडे जुलैत हिवाळा असतो, म्हणून तिने तो हिरवा स्वेटर घातला होता. तिथेच चूक झाली.

वृद्धाश्रमातल्या खोलीत नोलीन खुर्चीत बसली होती, तीही हिरव्या स्वेटरमध्ये. क्लाईव्हने दाराकडे पाहिलं आणि वूलाला म्हणाला, “आलीस, नोल?”

वूला वरमून स्वेटर काढायला लागली.

“राहू दे,” नोलीन म्हणाली. तिने मला क्लाईव्हच्या हातात ठेवलं. “प्रश्न ऐक हं. आम्हा दोघींत नोलीन कोण?”

पाच सेकंद गेले. दहा गेले. वूलाच्या ओठांवर उत्तर आलं होतं, पण नोलीनने तिला डोळ्यांनीच गप्प केलं. तो म्हातारा अंगठा माझ्यावर नुसता टेकलेला होता. इतका वेळ मी कधी कुणासाठी थांबलो नव्हतो.

मग त्याने मला दाबलं.

“ही.” त्याने नोलीनकडे बोट दाखवलं. “उत्तर येत असून गप्प बसलीय. जन्मभर हेच करत आलीय. तिला वाटतं, मला कळत नाही.”

नोलीनने त्याचा हात माझ्यासकट छातीशी धरला. माझा दिवा बराच वेळ लागलेला होता.

आता मी त्यांच्या खिडकीत असतो. मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसायची राहिली तरी चालेल. पण तुमच्या घरात कुणी शब्द शोधत असेल, तर तो घाईने तुम्हीच सांगून टाकू नका. थोडं थांबा. माझे पाच सेकंद फार कमी होते, हे मला एकवीस वर्षांच्या नोकरीत कळलं नव्हतं.