उलोमाकाकूंचा वाडगा

आमच्या चौकात वर्तमानपत्राचं पहिलं पान फुकट असे. पान उलटायचं तर पेपर विकत घ्यायचा, हा बोनिफेसचा नियम. तो सकाळी फळीवर सगळे पेपर ओळीने मांडायचा, वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर दगड ठेवायचा, आणि मग इनुगू शहरातले फुकटे वाचक हात पाठीमागे बांधून, कंबरेत वाकून देशाचा कारभार तपासायला लागायचे. माझे वडील, अनायो शिंपी, त्या मंडळींतले सर्वांत जुने. पलीकडेच त्यांचं दुकान होतं. तिथे ते शाळेचे गणवेश शिवत. पण मशिनीला हात लावण्याआधी त्यांना सरकारचा समाचार घ्यावाच लागे.

त्या शुक्रवारी ते चष्मा घरीच विसरले. मी इबादानच्या कॉलेजात इतिहास शिकवते. सुट्टीला म्हणून घरी आले होते. आईने चष्मा माझ्या हातात दिला. "नेऊन दे. नाहीतर भलत्याच मंत्र्याला शिव्या देतील."

मी पोचले तेव्हा बोनिफेस म्हणत होता, "मास्तर, आज चष्म्याशिवायच सरकार पाडलंत की!"

"पाडायला चष्मा लागत नाही रे. चालवायला लागतो, आणि राजधानीत, अबुजात, तो कुणाकडेच नाही."

सगळे हसले. टायरवाला सिप्रियन मात्र डॉक्टरांच्या संपाच्या बातमीवर बोट आपटत होता. "इकडे माणसं मरतायत आणि हे फलक घेऊन बसलेत!"

"पगार नको द्यायला? तुला महिनोन् महिने कुणी दमडी दिली नाही तर तू टायर बदलशील?"

"बदलेन की. पण तुमचा नाही बदलणार, मास्तर. तुम्ही पेपरचेही पैसे देत नाही."

बाबा स्वतःही खळखळून हसले. मग चष्मा लावला आणि नेहमीच्या रुळावर आले. पेट्रोल महागलं की भाजीपासून शवपेटीपर्यंत सगळं महागतं, फक्त निवडणुकीच्या आदल्या दिवशी माणूस स्वस्त होतो. संकट आलं की आपण सगळे नायजेरियन. खुर्ची आली की कोण इग्बो, कोण योरुबा, कोण हौसा. गेल्या निवडणुकीत पक्षाची माणसं तांदळाची पिशवी घेऊन दारात आली, तेव्हा बाबांनी ती परत पाठवली होती. "तांदूळ चार दिवसांचा, राज्य चार वर्षांचं," असं ते म्हणाले होते, आणि चौकात अजून त्याची आठवण काढली जाई. त्या सकाळी त्यांनी शेवट केला तो त्यांच्या ठेवणीतल्या वाक्याने.

"चोर हुशार होते म्हणून हा देश लुटला गेला नाही. बघणारे गप्प बसले म्हणून लुटला गेला."

"बोललात!" बोनिफेस म्हणाला. "आता सरका जरा, गिऱ्हाईक आलंय."

दुपारी ते जेवायला घरी आले. आई म्हणाली, "देश चालवून झाला असेल तर हात धुवा." एबाचा, म्हणजे कसाव्याच्या पिठाचा, गोळा आणि भेंडीचं कालवण होतं. बाबांचे मागचे दात गेले होते, म्हणून आई माशातले काटे काढून एकेक तुकडा त्यांच्या ताटलीत सारत होती. ते वीजमंत्र्यावर बोलत होते, ती 'हं' म्हणत होती. असं मी लहानपणापासून बघत आले होते, म्हणून त्या दिवशी नीट बघितलंही नाही.

दुपार कलताना सिप्रियन धावत आला. बाबा मशिनीवरच पुढे कोसळले होते. आम्ही त्यांना सिप्रियनच्या गाडीतून सरकारी दवाखान्यात नेलं. आत खाटा होत्या, परिचारिका होत्या, डॉक्टर नव्हते. सकाळी बाबा ज्यांची बाजू घेऊन भांडले होते, ते फाटकाबाहेर बसले होते. त्यांच्यातला एक तरुण फलक टाकून आमच्यामागे पळत आला, व्हरांड्यातल्या बाकावरच त्याने बाबांची छाती दाबून पाहिली, पुन्हा पुन्हा दाबली. मग थांबला आणि आईसमोर खाली मान घालून उभा राहिला. मी त्याला दोष देत नाही. बाबांनीही दिला नसता.

आमच्याकडे माणूस शहरात मरतो, पण त्याला गावीच पुरतात, त्याने स्वतः बांधलेल्या घराच्या अंगणात. बाबांनी आयुष्यभर गणवेश शिवून गावी भावांच्या घरांशेजारी, एकाच अंगणाभोवती, चार खोल्या उठवल्या होत्या, त्या मुख्यतः ह्याच दिवसासाठी. ज्याला स्वतःचं अंगण मिळत नाही, तो बेवारशी. दफनाचा दिवस भावकी ठरवते. तोवर बाबा शवागारात राहिले आणि आई गावच्या घरात जमिनीवर चटई टाकून बसली. माहेरवाशिणी आल्या. आमच्यात कुळातल्या लेकींचं, उमुआडांचं, फार चालतं. कुठल्याही गावी दिलेल्या असोत, भावाच्या मरणाला त्या परत येतात आणि भावजयीवर राज्य करतात. त्यांनी आईचं डोकं ब्लेडच्या पात्याने भादरलं. तिला फुटक्या ताटलीत जेवायला दिलं. रडणं कमी पडलं की बाहेरून हाक यायची, "आवाज येत नाही गं!"

मीही त्याच कुळाची लेक. मलाही त्यांच्यासारखं निळं कापड नेसायला दिलं होतं.

दफनाच्या सकाळी शवागाराची गाडी आली. प्रार्थनेला फादर यायच्या आत 'ते' उरकून घ्यायचं, असं ओक्वुदिलीकाका म्हणाले. बाबांच्या पाठचे ते एकटेच भाऊ उरले होते, आणि भावकीत शब्द त्यांचा. बाबांना आंघोळ घातली. अंगावरून ओघळलेलं पाणी लाकडी वाडग्यात धरलं. तो वाडगा मी ओळखला.

मी नऊएक वर्षांची असेन. बाबांचे थोरले भाऊ वारले होते, आणि ह्याच अंगणात उलोमाकाकू गुडघ्यांवर बसल्या होत्या. नवरा गेला की बायकोवर संशय. तिने त्याच्या आंघोळीचं पाणी प्यायचं. निर्दोष असेल तर तिला काही होत नाही. दोषी असेल तर पाणी तिला पकडतं. उलोमाकाकू प्यायल्या. काकांचं अंग शेवटी जखमांनी भरलेलं होतं. महिना उलटायच्या आत काकू तापाने फणफणून गेल्या. कशाने गेल्या, ते कुणी तपासलं नाही. तपासायची गरजच उरली नव्हती. भावकी म्हणाली, "बघा, पाण्याने पकडलं." त्यांना गावाबाहेरच्या रानात पुरलं. त्यांची मुलगी ओगेरी, माझ्याच वयाची, त्या दिवसापासून खुनी बाईची पोर झाली.

काकू पाणी प्यायल्या तेव्हा बाबा सुरणाच्या कोठाराच्या भिंतीला टेकून उभे होते. काखेत घडी घातलेला पेपर होता. आईने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटांचे वळ उठले. परतीच्या बसमध्ये बाबा लष्करी राजवटीवर बोलत राहिले. कुणा संपादकाला तुरुंगात टाकलं होतं. तो सत्य बोलला म्हणून त्यांना त्याचा केवढा अभिमान वाटत होता. पुढे विधवांचा असा छळ करणं गुन्हा आहे, असा कायदा आमच्या राज्यात झाला. ती बातमी पहिल्या पानावर होती. बाबांनी ती चौकात मोठ्याने वाचून दाखवली. घरी मात्र उलोमाकाकूंचं नाव कधी निघालं नाही. मीही काढलं नाही. हसऱ्या, तांदूळ परत पाठवणाऱ्या माझ्या बाबांना तो प्रश्न विचारायची माझी छाती झाली नाही.

आता आई त्याच जागी गुडघ्यांवर बसली होती.

आमच्या गावात वाडगा माहेरवाशिणींच्या हातांतून फिरत विधवेकडे जातो. एकेक लेक तो धरते, पुढे देते. सगळ्यांचे हात लागले की तो न्याय सगळ्या कुळाचा. शेवटी धरायचा तो मेलेल्याच्या लेकीने. म्हणजे मी.

वाडगा उदेगोआत्याकडून निघाला. माझ्या अलीकडे ओगेरी होती. तिनेही तो घेतला, कुणाकडे न बघता माझ्या हातात दिला. पाणी गढूळ होतं. शवागारातल्या औषधाचा वास त्यातून नाकात घुसत होता.

"दे," आई म्हणाली.

मी तशीच उभी राहिले. "काका, देह कुजू नये म्हणून शवागारात औषध भरतात. ते विष आहे. हे पाणी विष आहे."

"निर्दोष माणसाला बाधत नाही," ओक्वुदिलीकाका म्हणाले. ते क्रूर नव्हते. खरंच तसं मानत होते. "पोरी, अनायो सकाळी धडधाकट घराबाहेर पडला, दुपारी जेवला आणि गेला. कुणाच्या हातचं जेवला? मी नाही विचारत, गाव विचारतंय. एकदा ती प्यायली की सगळ्यांची तोंडं बंद. मी तिच्या भल्याचंच बघतोय."

"ती त्यांना माशातले काटे काढून द्यायची, काका."

"मग भ्यायचं कशाला?"

"कायदा आहे ह्याच्याविरुद्ध."

"कायदा इनुगूत राहतो, बाई. त्याला सांग, कधीतरी गावी ये." मागे पुरुष हसले.

उदेगोआत्या पुढे आली. बाबांची सख्खी बहीण, तिचेही डोळे सुजलेले. "सोमतो, मी प्यायले होते. माझा नवरा गेला तेव्हा. तुझी आई माझ्याहून मोठी लागून गेली का?"

"आत्या, तुला पाजलं ते तरी बरोबर होतं का?"

"मला कुणी विचारलं?" ती चिडून म्हणाली.

आईने माझं कापड ओढलं. भादरलेल्या डोक्यावर पात्याने कापल्याच्या खुणा होत्या. ती हळूच म्हणाली, "मला पिऊ दे गं. नाहीतर हे लोक त्यांना इथं ठेवून घेणार नाहीत. सगळा जन्म त्या घरासाठी शिवत बसले. त्यांना त्यांच्या अंगणात झोपू दे."

"आणि तुला पाण्याने पकडलं तर?"

"तर पकडू दे."

"ऐकलंस?" काका म्हणाले. "तिची तयारी आहे. आणि नसेल, तर गाडी उभीच आहे. अनायोला घेऊन परत जा. ह्या मातीत त्याला जागा नाही."

मग त्यांनी शेवटचा डाव टाकला. अंगणातल्या सगळ्यांकडे वळून ते म्हणाले, "अनायोएवढा बोलका माणूस ह्या कुळात झाला नाही. राष्ट्रपतीला सोडत नव्हता! उलोमाच्या वेळी तो इथंच उभा होता, त्या कोठाराशी. बोलला का एक शब्द? नाही बोलला. कारण त्याला ठाऊक होतं, रीत ती रीत. आता त्याची पोरगी बापाहून शहाणी झाली? बोल की. तुझा बाप चुकला होता?"

सगळे माझ्याकडे बघत होते. शवपेटीचं झाकण अजून लावलं नव्हतं. बाबांच्या अंगावर त्यांनीच शिवलेला पांढरा झगा होता, आणि सिप्रियनने आणलेला त्यांचा चष्मा छातीवर ठेवला होता. काकांनी मला नेमकं पकडलं होतं. 'नाही' म्हटलं, तर वाडगा आईकडे जाणार होता. 'हो' म्हटलं, तर मी माझ्या मेलेल्या बापाला त्याच्याच अंगणात, त्याच्या भावकीसमोर खाली पाहायला लावणार होते.

आज बाबा इनुगूच्या सार्वजनिक दफनभूमीत आहेत, अनोळखी माणसांच्या मधोमध. बोनिफेसने दुकान बंद ठेवलं आणि फुकट्या वाचकांनी खांदा दिला. गावचं घर भावकीने कुलूप लावून बंद केलं आहे. आईच्या डोक्यावर पुन्हा केस आलेत. पण बाबांना अंगण मिळालं नाही ह्यावरून ती अजून कधीकधी दिवसदिवस माझ्याशी बोलत नाही. तिचं चुकतं असं मला म्हणता येत नाही. त्या अंगणात उभी असताना ह्यातलं बरंचसं मला दिसत होतं. तरीही माझ्या डोक्यात बाबांचंच वाक्य फिरत होतं, बघणारे गप्प बसले म्हणून. ते वाक्य बाबा कोठाराच्या भिंतीशी शिकले असतील का, हे आता कुणाला विचारणार?

मी वाडगा कलता केला. पाणी लाल मातीत जिरलं. एक माहेरवाशीण किंचाळली. ओगेरीने माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने कुणाकडे सरळ बघितलं असेल.

"हो, काका," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण चौकात ऐकू येईल असा. "बाबा चुकले. ते तिथं उभे होते आणि गप्प बसले. मीही बघत होते. आणि ऐका सगळे, ओगेरी, तूही ऐक. उलोमाकाकूंनी कुणालाही मारलं नव्हतं. त्यांना आपण मारलं."