चोरखिशातल्या गोळ्या

लाँड्रीत एक नियम बाबांच्या वेळेपासून चालत आलेला: खिसे उलटे केल्याशिवाय कपडा मशीनमध्ये जाणार नाही, मग तो गिऱ्हाइकाचा असो की घरचा. त्या सकाळी ताईने धाकट्या भावाची पँट उलटी केली आणि चोरखिशातून कागदात गुंडाळलेल्या पांढऱ्या गोळ्या निघाल्या. आठवडाभराच्या तरी असतील. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रोज रात्री ती स्वतः त्याच्या हातावर गोळी ठेवायची आणि आपलीही घ्यायची. म्हणजे हा पठ्ठ्या तोंडात टाकल्यासारखं करून वर नुसतं पाणी पीत होता. कोलेस्टेरॉलचा वारसा दोघांनाही बाबांकडून आलेला. बाबा चाळिशीतच इस्त्रीच्या टेबलापाशी कोसळले, आजोबाही त्याच वयात गेले. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, की हे रक्तातच आहे. व्यायाम हवा, तळलेलं बंद हवं, पण तेवढ्याने भागणार नाही, गोळी कायमची. धाकट्याने तेव्हा नंदीबैलासारखी मान डोलावली होती.

ती तरातरा आत गेली. तो शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होता, शेजारी आई कपड्यांना चिठ्ठ्या टाचत बसली होती. ताईने गोळ्या टेबलावर ओतल्या.

"रिपोर्ट नॉर्मल आला ना," तो इस्त्री उभी करत म्हणाला. "रोज पोहतो मी. म्हाताऱ्यासारख्या गोळ्या कशाला?"

"गोळीमुळे नॉर्मल आला, शहाण्या."

"पोट बघ माझं. बाबांचं वेगळं होतं."

"बरोबर आहे त्याचं," आई मान वर न करता म्हणाली. "ह्यांचा जिभेवर ताबा नव्हता."

हे वाक्य ऐकून ऐकून ताईचे कान किटले होते. गेलेल्या माणसावर काहीही खपवता येतं, तो थोडाच उलटून बोलणार आहे.

"बाबा काटकुळे होते, आई. आजोबांच्या धास्तीने शेवटची काही वर्षं तू त्यांना उकडलेल्या भाज्यांवर ठेवलं होतंस. आणि माझं काय? मी लोण्याला शिवत नाही, तरी माझा आकडा ह्याच्याहून वर निघाला. खाणं सांभाळायचंच. पण आपल्या घरात तेवढं पुरत नाही."

आईचा हात थांबला. "म्हणजे जेवणामुळे नव्हतं?"

"नुसत्या जेवणामुळे नव्हतं."

आईने हातातली चिठ्ठी खाली ठेवली. "गेले त्या दिवशी त्यांनी 'आणखी थोडं वाढ' म्हटलं होतं. मी भांडं उचलून आत नेलं."

ताईला संताप आवरेना, पण काढायचा कुणावर? बाबांचं रक्त तपासावं असं एकालाही सुचलं नव्हतं. सगळ्यांनी त्यांचं ताट तेवढं तपासलं.

आई उठली. तिने फळीवरच्या पाकिटातून नवी गोळी काढली, पेला भरला आणि लेकापुढे जाऊन उभी राहिली.

"त्यांना कुणी दिली नाही. तुला आयती मिळतेय, तर तू खिशात कोंबतोस. घे."

त्याने निमूटपणे घेतली.

"तोंड उघड," आई म्हणाली.

आणि त्या थोराड गड्याने दोघींसमोर लहान पोरासारखा आ केला.