निळ्या मुठीची इस्त्री

दुरुस्तीवाली गिऱ्हाइकाचा पंखा पोचवून दुकानात परतली, तेव्हा सासरे भलतेच खुशीत होते.

"सूनबाई, एक इस्त्री खपवली बरं का! निळ्या मुठीची."

"छान केलंत," म्हणत तिनं फळीकडे पाहिलं आणि ती जागच्या जागी थिजली. निळ्या मुठीची इस्त्री फळीवरच होती, दुरुस्त करून, पुसूनबिसून ठेवलेली. रिकामं होतं ते कामाचं टेबल; तिथल्या इस्त्रीची मूठही निळीच होती.

दुकान मुळात सासऱ्यांचं. लोकांनी टाकून दिलेले मिक्सर, हीटर, इस्त्र्या आणायच्या, नीट करून विकायच्या किंवा भाड्यानं द्यायच्या. त्यांचे डोळे अधू झाले तशी हत्यारं सुनेकडे आली आणि गिऱ्हाइकांशी गप्पा त्यांच्याकडे राहिल्या.

"बाबा, टेबलावरची दिलीत?"

"हो मग! सकाळपासून तू तिच्याशी झटत होतीस. म्हटलं, झाली असेल."

ती इस्त्री मोडीतली होती. आतल्या तारेवरचं आवरण जळून तार तव्याला चिकटली होती. बटण दाबलं की मुठीच्या स्क्रूपर्यंत सगळीकडे करंट. अशा वस्तूची वायर आधी कापून टाकायची, हा या दुकानाचा जुना नियम. पण वायर चांगली लांब, धडधाकट होती. दुसऱ्या कशाला तरी होईल म्हणून ती अख्खी सोडवायला बसली, गंजलेले स्क्रू हलेनात, तेवढ्यात पंखेवाल्या गिऱ्हाइकाचा फोन आला आणि ती तशीच उठून गेली.

"कोण होतं? कुठे राहतं?"

"तरुण बाई होती. नवीन राहायला आलीय म्हणाली. कुठे ते..." सासऱ्यांचा आवाज बारीक झाला. "काय झालं गं?"

"मोडीतली होती ती, बाबा."

ते मटकन स्टुलावर बसले. "शाळेचे कपडे कुठे मिळतील विचारत होती. मी बटणकाकूंकडे पाठवली."

दुरुस्तीवाली धावत सुटली.

बटणकाकूंचं जुन्या कपड्यांचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं. तुटलेलं बटण लावल्याशिवाय काकू कपडा विकत नसत, आणि चार गोष्टी सांगितल्याशिवाय गिऱ्हाईक सोडत नसत.

"अगं, श्वास तर घे! पाणी देऊ?"

"काकू, नवीन बाई आली होती का? हातात इस्त्री होती."

"आली होती की. गोड पोर आहे तिची. उद्यापासून शाळा, म्हणून ड्रेस नेला. मी म्हटलं, बाई, मापाला थोडा मोठाच घे, पोरं काय..."

"काकू, पत्ता!"

काकूंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सुई खाली ठेवली. "टाकीशेजारची पिवळी इमारत. अगदी वरचा मजला. भाड्याचा पलंग जिन्यात अडकला म्हणून हमाल किती बोंबलले, सांगत होती. जा, पळ!"

ती पळाली. एकच चित्र डोळ्यांपुढून हलेना: नव्या खोलीत आल्याआल्या माणूस काय करतं? फरशी पुसतं. अनवाणी, ओल्या फरशीवर. ती मनात मिनिटं मोजत होती आणि प्रत्येक वेळी हिशेब उशिराकडेच जात होता. वाटेत कुणीतरी हाक मारली, तिनं वळूनही पाहिलं नाही. जिन्याच्या पायऱ्या ती दोन-दोन करून चढली. तिसऱ्या मजल्यावर काहीतरी करपल्याचा वास आला, तशी ती आणखी जोरात वर धावली.

दार अर्धवट उघडं होतं. "ताई?" कुणी ओ दिली नाही.

तिनं दार ढकललं. फरशी पाण्यानं चकाकत होती. एक बाई भिंतीला टेकून बसली होती, डोळे उघडे, तोंडातून शब्द नाही. पलंगावर इस्त्री आडवी पडली होती आणि खालच्या चादरीतून धूर निघत होता. सहा-सात वर्षांची एक मुलगी पलंगापाशी उभी राहून इस्त्री उचलायला हात पुढे करत होती.

"हात लावू नकोस!"

ती अशी ओरडली की मुलगी दचकून मागे पडली. दुरुस्तीवालीनं भिंतीवरचं बटण बंद केलं, पिन उपटली, मग बादलीतलं पाणी चादरीवर ओतलं. त्यानंतर ती त्या बाईशेजारी फरशीवर बसली.

"बोटं उघडत नाहीत," ती बाई पुटपुटली. "फेकल्यासारखी मागे पडले."

दुरुस्तीवालीनं तिला उठवलं, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ईसीजी काढला, बोटं चोळून पाहिली. "हृदय ठीक आहे. तरी दोन तास इथेच बसा, मी पुन्हा तपासतो."

तिघी बाहेर बाकावर बसल्या. तिथेच तिनं सगळं सांगितलं: वायर, गंजलेले स्क्रू, फोन. सासऱ्यांवर ढकललं नाही. "चूक माझी आहे, ताई. तुम्ही पोलिसांत गेलात तरी मी नाही म्हणणार नाही."

त्या बाईनं आखडलेली बोटं एकेक करून उघडून पाहिली.

"नवं घ्यायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं," ती म्हणाली. "पलंग, कपडे, सगळंच. तुमचे सासरे किती आपुलकीनं बोलले." मग तिनं मान वर केली. "तुम्ही आत आलात तेव्हा हिचा हात इस्त्रीपासून किती लांब होता?"

खोटं बोलणं सोपं होतं. दुरुस्तीवालीच्या ओठांवर ते आलंही होतं.

"वीतभर," ती म्हणाली.

त्या बाईनं बऱ्या हातानं मुलीला जवळ ओढलं आणि घट्ट धरलं.

"आई, दुखतंय ना," मुलगी म्हणाली. पण आईनं काही हात सैल केला नाही.